काकांनी झाड खरवडलं

आमचे काका रंगारी होते. आता नाहीत. गेले तेव्हा त्यांच्या नखांच्या कडेला कुठल्यातरी घराचा फिकट निळा रंग तसाच होता. काकू म्हणाली, राहू द्या तो, कितीही घासलंत तरी जायचा नाही. त्यांच्याबद्दल काहीतरी लिहून ठेवायचं असं घरात ठरलं, तेव्हा सगळे म्हणाले, चांगलं चांगलं लिही. चांगलं पुष्कळ आहे. पण काका असते तर म्हणाले असते, आधी झाडाचं लिही, मग काय ते बाकीचं. कारण त्यांच्या मनातून ते झाड शेवटपर्यंत गेलं नाही.

तर काका कसे होते ते आधी सांगायला हवं, नाहीतर त्यांनी असं का केलं ते कळायचं नाही.

कुणाच्याही घरी कामाला गेले की काका आधी चहा घ्यायचे नाहीत, आधी भिंतीला हात लावायचे. पूर्ण तळवा टेकवायचा, मग बोटाच्या पेरानं टकटक करायचं आणि मान तिरकी करून ऐकायचं. "इथं ओल आहे." "इथं मागच्या माणसानं चोरी केलीय, पुट्टी न लावताच रंग फासलाय." घरमालक बघतच राहायचा. काकांचं एकच म्हणणं असायचं. रंग वरून चांगला दिसत नाही, खालून चांगला दिसतो. जुना थर काळा पडला, पोपडे आले, भेगा पडल्या, तर वरून किती का भारी रंग लावा, फुकट. आधी खरवडायचं. पार खाली, साफ भिंत दिसेपर्यंत. मग पॉलिश पेपर मारायचा, मग पुट्टी, मग पुन्हा पेपर, आणि मग रंग.

बाकीचे रंगारी वरवर खरवडायचा पत्रा फिरवून मोकळे व्हायचे. काका नाही. त्यांच्याबरोबर काम करणारा एक रंगारी होता, त्याला सगळे दुहाती म्हणायचे. दोन्ही हातांनी ब्रश चालवायचा म्हणून नाही, तर गिऱ्हाइकाला सांगायचा रंगाचे दोन हात मारतो आणि मारायचा एकच, म्हणून. तो काकांना चिडवायचा, "ह्याला भिंत खरवडायला देऊ नका बाबांनो, हा शेजारच्यांच्या घरात निघतो."

आणि स्वतःचं घर? दोन खोल्या, आणि दोन्हींच्या भिंतींना पोपडे. काकू कुणी आलं की मुद्दाम त्यांच्यासमोर म्हणायची, "जगाच्या भिंती गुळगुळीत आणि आमच्या भिंतींना कांजिण्या." काका हसायचे. म्हणायचे, "पुढच्या महिन्यात." हा पुढचा महिना काकूचं लग्न झाल्यापासून चालू होता.

काकू शिवणकाम करायची. उशांचे अभ्रे, पडदे, शाळेतल्या पोरांचे शर्ट, कुणाची पँट आखूड करायची, कुणाची सैल करायची. पण घरात उजेड नव्हता. खिडकी एकच, तीही दुसऱ्या घराच्या भिंतीकडे तोंड करून. बल्ब लावला की काकूच्या डोळ्यांना पाणी यायचं, आणि काळ्या कापडावर काळा दोरा तर तिला अजिबात दिसायचा नाही. म्हणून मागच्या अंगणात झाडाखाली तिची मशीन असायची. सकाळी मशीन ओढत बाहेर न्यायची, चाकं कुरकुरायची, आणि संध्याकाळी ओढत आत आणायची. झाडाखाली उजेड भरपूर, पण डोळ्यांवर येत नाही असा. काकू म्हणायची, हा उजेड विकत मिळत नाही. तिचं सगळं काम त्या झाडाच्या जिवावर चालायचं.

झाडाचं नाव कुणाला माहीत नव्हतं. राहायला आले तेव्हा दोघांनी रोपवाल्याकडून एक काडी आणली होती. त्यानं नाव सांगितलं, आणि ते घरी येईपर्यंत दोघंही विसरले. तेव्हा त्याचं खोड कसं होतं, तर हिरवट पांढरं आणि गुळगुळीत, कोवळ्या काकडीसारखं. मग झाड वाढलं. खोड मनगटाएवढं झालं, मांडीएवढं झालं, काकूच्या मिठीत मावेना एवढं झालं. आणि रंग उतरत गेला, म्हणजे खरं तर चढत गेला. आधी राखाडी, मग मातकट, आणि शेवटी काळसर तपकिरी. मधून उभ्या भेगा पडल्या. पावसाच्या बाजूला हिरवट बुरशीसारखं काहीतरी धरलं. रोज बघणाऱ्याला ते कळत नाही, पण एके दिवशी काकूला कळलं.

मशीनची दोरी तुटली म्हणून ती खोडाला टेकून बसली होती. पाठीला टोचलं. वळून बघते तर साल अशी, वाळलेल्या चिखलासारखी.

"अहो, इकडे या जरा. हे बघा ना. पूर्वी कसं होतं हे, बाळाच्या गालासारखं. आता बघा, काळं ठिक्कर पडलंय. आजारी तर नाही?"

काका आले. काय केलं असेल? तळवा टेकवला. पेरानं टकटक केलं. मान तिरकी केली.

"पोपडे आलेत," काका म्हणाले. "जुना थर आहे. काढायला पाहिजे."

काकू एवढी हसली की तिच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. "आधी घरातले काढा, मग झाडाचे काढा!"

हसण्यावारी गेलं ते. पण काकांच्या डोक्यात बसलं.

मग त्यांच्या मुलीचं बाळंतपण आलं, आणि काकू तिच्याकडे गेली, लांब दुसऱ्या गावाला. काका एकटे. सकाळी पाव आणि चहा, संध्याकाळी दुहातीच्या घरी जेवण. घरी आले की मशीनवर चादर टाकलेली, अंगण रिकामं. त्यांना करमेना. काकू फोनवर विचारायची, "काय करताय?" काका म्हणायचे, "काही नाही." आणि खरंच काही नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी त्यांना वाटलं, आपण हिच्यासाठी आयुष्यात काय केलं? घर रंगवलं नाही. कधी काही आणलं तर ते चुकीच्या मापाचं. ही येईल तेव्हा हिला काहीतरी नवं दिसायला हवं. आणि घर रंगवायचं म्हटलं तर सामान हलवायचं, कपाटं ओढायची, एकट्याचं काम नाही. पण झाड तर अंगणात मोकळं उभं होतं.

काकांनी घोडा लावला, म्हणजे त्यांची दोन पायांची शिडी. पत्रा काढला, धार बघितली, आणि सुरुवात केली.

काळा थर आधी खापऱ्यांसारखा निघाला. चट्चट्. काका खूश. खाली लालसर थर आला, तो जरा चिवट. काकांनी जोर लावला. आणि त्याच्या खाली ओला, चमकदार, हिरवट पिवळा रंग आला. अगदी पहिल्या दिवसासारखा! अंगणभर कच्च्या काकडीसारखा वास पसरला. काका स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले, "बघ! आतून नवंच आहे!" मग काय, थांबतात कशाला. गुडघ्याएवढ्या उंचीपासून सुरू करून हात पोचेल तिथपर्यंत, आणि पूर्ण गोल. काकांनी कुणाची भिंत कधी अर्धवट सोडली नव्हती, तर झाड कसं सोडतील. कडा सरळ काढल्या, खालीही आणि वरही, जसं भिंतीला पट्टा मारताना काढतात. खाली सालीचा ढीग पडला. तो त्यांनी झाडून भरला आणि खुर्ची टाकून समोर चहा घेत बसले.

दोन दिवसांनी बघतात तर रंग बदललेला. हिरवटपणा गेला आणि गंजलेल्या खिळ्यासारखा तांबूस रंग आला. कापून ठेवलेलं सफरचंद होतं ना, तसं. काकांना वाटलं, थर नीट निघाला नाही, खाली ओल राहिली. रंगाऱ्याला दुसरं काय वाटणार? त्यांनी पॉलिश पेपर घेतला. जाड नंबरचा, मग बारीक. तो ओला थर पूर्ण पुसला जाईपर्यंत घासलं आणि खालून पांढरं लाकूड आलं. बघायला काय सुंदर दिसत होतं! आणि आता हा रंग पुन्हा बिघडू नये म्हणून त्यांनी घरात उरलेलं वॉर्निश लावलं. बिनरंगाचं, चकचकीत. दोन हात. खरोखरचे दोन.

दुहाती जेवायला बोलवायला आला आणि दारातच थांबला.

"लेका, हे काय केलंस?"

"काय केलं?"

"झाड आहे ते. कपाट नाही."

"तू तुझा दुसरा हात कुठे राहिला ते बघ," काका म्हणाले, आणि दोघंही हसले.

काकू आली. रिक्षातून उतरली, पिशव्या दारात ठेवल्या, आणि सवयीनं आधी मागच्या अंगणात गेली. काका तिच्या मागे, पोरानं बक्षिसाची वाट बघावी तसे. काकूनं खोडाला हात लावला. वरपासून खालपर्यंत फिरवला. मग गाल लावला.

"हे तुम्ही केलंत?"

"मग काय शेजारचे करून गेले?"

"माझ्यासाठी?"

काकूचे डोळे भरून आले. तिनं पदरानं पुसले आणि लगेच हाक मारली, "अगं ए इस्त्रीवाली, ये बघू इकडे!" पलीकडच्या घरात एक बाई इस्त्रीचं काम करायची, ती भिंतीवरून डोकावली. "बघ, आमच्या ह्यांनी काय केलं मी नसताना. झाडाला न्हाऊ घातलंय!"

"अगंबाई! माझा नवरा साधी बादली विसळत नाही," इस्त्रीवाली म्हणाली.

त्या दिवसापासून काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला झाड दाखवायला लागली. कपडे टाकायला कुणी आलं की माप घ्यायच्या आधी झाड. काका लाजायचे, पण आतून फुलून यायचे. सगळं आयुष्य लोकांच्या भिंती रंगवल्या, पण कुणी भिंतीला गाल लावला नव्हता.

मग त्यांना सार्वजनिक बागेच्या ऑफिसचं काम लागलं. एक खोली आणि एक व्हरांडा. तिथं एक मॅडम होत्या, तरुण, सरळ बोलणाऱ्या, झाडांचं शिकून आलेल्या. काका खोली खरवडत होते आणि मॅडम टेबल मधे ओढून काम करत होत्या. त्यांना धूळ चालायची.

"काका, किती खोल जाता तुम्ही! भिंत पडेल," मॅडम म्हणाल्या.

"अहो मॅडम, माझं कामच तसं. परवा तर मी घरचं झाडसुद्धा खरवडलं. काळं पडलं होतं ना."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"झाड? कसं म्हणजे?"

काकांनी मोठ्या हौसेनं सगळं सांगितलं. पत्रा, पॉलिश पेपर, वॉर्निश. मॅडम ऐकत होत्या, आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

"एका बाजूनं केलंत की गोल?"

"गोल! मी अर्धवट काम करत नाही."

"लाकूड लागेपर्यंत?"

"लागेपर्यंत."

मॅडम उठून त्यांच्यापाशी आल्या. ओरडल्या वगैरे नाहीत. उलट आवाज खाली आला. म्हणाल्या, "काका, ते काळं पडणं म्हणजे आजार नव्हता हो. झाड जाड होतं तसं वरचं कातडं त्याला पुरत नाही, म्हणून त्याला भेगा पडतात. बाहेरचा थर मेलेला असतो. त्यावर ऊन, पाऊस, धूळ, धूर बसतो, हवा लागते, म्हणून तो काळपटतो. लहानपणी साल पातळ असते म्हणून आतला हिरवा रंग दिसतो. मोठेपणी जाड होते म्हणून दिसत नाही. तो काळा थर झाडाचा कोट आहे. त्याच्या आत जो ओला हिरवट थर तुम्हाला दिसला ना, तो जिवंत असतो. पानांनी केलेलं अन्न त्यातूनच खाली मुळांना जातं. तुम्ही तो गोल काढलात."

"म्हणजे?"

"म्हणजे मुळं उपाशी."

काकांच्या हातात पत्रा होता, तो तसाच राहिला. "पण पानं तर हिरवीगार आहेत मॅडम! आज सकाळी बघितली मी."

"पाणी लाकडातून वर जातं, ते चालू आहे. म्हणून पानं हिरवी. मुळांत साठवलेलं आहे तोवर चालेल. मग नाही."

काका खाली बसले, पुट्टीच्या डब्यावर. मॅडमनी पाणी दिलं. म्हणाल्या, "घाबरू नका, एक उपाय आहे. त्याच झाडाच्या कोवळ्या फांद्या घ्यायच्या आणि खालच्या सालीपासून वरच्या सालीपर्यंत अशा सगळ्या बाजूंनी जोडायच्या, पुलासारख्या. त्या धरल्या तर त्यातून अन्न जातं. पण लवकर करायला हवं. कडेची साल वाळली की धरत नाही. मी आज संध्याकाळी येते तुमच्या घरी."

आणि इथं काकांनी ते केलं, जे त्यांनी पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही. खरवडणं नाही. खरवडणं अडाणीपणा होता, तो ते सांगायचे, हसायचेसुद्धा. हे मात्र हसून सांगता यायचं नाही.

काका म्हणाले, "आज नको मॅडम. मी घरी सांगतो, मग बोलावतो."

घरी गेले. वाटेत ठरवलं होतं की पाय ठेवल्या ठेवल्या सांगून टाकायचं. तर काकू अंगणात, आणि तिच्याबरोबर कुणीतरी नवीनच बाई. काकू सांगत होती, "आमच्या ह्यांना बोलता येत नाही, पण हातानं सांगतात." काका नळावर हात धुवायला गेले आणि कितीतरी वेळ धूतच राहिले. त्या दिवशी राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. मॅडम रोज विचारायच्या, "सांगितलंत का?" काका म्हणायचे, आज सांगतो. शेवटी शेवटी ते मॅडम यायच्या आत काम उरकून निघून जायला लागले. व्हरांड्याला दुसरा हात मारायचा राहिला होता, तो दुहातीला पाठवून मारून घेतला. काकांनी आयुष्यात असं कधी केलं नव्हतं.

घरी मात्र ते झाडाला पाणी घालायला लागले. बादल्यावर बादल्या. काकू आणखीच खूश. "आता तर पाणीसुद्धा घालतात! काय, सून आणायची आहे का झाडाला?" काका हसल्यासारखं करायचे. जेवण कमी झालं. काकूनं डॉक्टरकडे चला म्हणून पाठ धरली.

मग पानं पिवळी व्हायला लागली. आधी वरच्या टोकाला, चारदोन. काकूचं लक्ष मशीनवर असायचं, ती वर बघायची नाही. पण खाली पडलेली तिला दिसतील ना? म्हणून काका सकाळी तिच्या आधी उठायचे, घोडा लावायचे आणि पिवळी पानं एकेक करून हातानं काढायचे. रंगाच्या रिकाम्या डब्यात भरायची आणि लांब नेऊन टाकायची. रोज जास्त निघायची. एकदा इस्त्रीवालीनं भिंतीवरून बघितलं. "काय काका, झाडाच्या उवा काढताय का?"

काकांना हसायला आलं नाही.

एके दिवशी काकूला झोप नव्हती लागली, ती लवकर उठली. मागच्या दारात येते तर काका शिडीवर, एका हातात डबा, दुसऱ्या हातानं पान ओढतायत, आणि पान हिरवट होतं, अर्धंच पिवळं. काकू बघत उभी राहिली. काकांना ती दिसली, आणि त्यांच्या हातातून डबा सुटला. सगळी पानं तिच्या पायाशी पसरली.

"काय करताय हे?"

काका शिडीवरून उतरले नाहीत. तिथूनच सांगितलं. मॅडम काय म्हणाल्या, मुळं उपाशी, पूल, वाळणारी साल, सगळं. बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते, खोडाकडे बघत होते, आणि ते वॉर्निश लावलेलं खोड सकाळच्या उजेडात असं चमकत होतं की बघवेना.

काकूनं एकच विचारलं. "तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"बागेच्या ऑफिसचं काम होतं तेव्हापासून."

काकूनं पानांकडे बघितलं. म्हणाली, "तुम्ही खरवडलंत त्याचं मला काही नाही. मीच म्हणाले होते काळं पडलंय म्हणून. पण मी गावभर सांगत फिरले. तुम्हाला माहीत होतं ते मरतंय, आणि तुम्ही मला सांगत फिरू दिलंत."

"तू इतकी खूश होतीस..."

"मग? मला काय तेवढंच हवं होतं? मला झाड हवं होतं हो. मी कुठे बसू आता?"

काकू आत गेली, चपला घातल्या, आणि म्हणाली, "उतरा खाली. कुठे आहे ते ऑफिस, दाखवा."

मॅडम लगेच आल्या. रागावल्या असतील, पण दाखवलं नाही. कडेची साल नखानं दाबून बघितली. एका बाजूला अजून जराशी ओली होती. फांद्या कापल्या, चाकूनं त्यांची टोकं तिरकी तासली, सालीत चिरा घेतल्या, फांद्या आत बसवल्या, बारीक खिळे मारले. काकांनी फांद्या धरल्या. मॅडम म्हणाल्या, "काका, धरा नीट," तेव्हा काकूनं पुढे होऊन त्यांच्या हातांवर आपले हात दाबून धरले. बांधायला पट्ट्या हव्या होत्या, त्या तिनं नव्या कापडाच्या फाडल्या. गिऱ्हाइकाचं होतं ते. नंतर भरून दिलं.

दोन फांद्या काही दिवस हिरव्या राहिल्या. काका रोज बघायचे. एकीला कोंबाचा डोळासुद्धा फुटला. इस्त्रीवालीनं भिंतीवरून टाळी वाजवली. मग तीही काळी पडली. वरची पानं सगळीच पिवळी झाली आणि गळाली, आणि यावेळी ती कुणी लपवली नाहीत. काकू रोज झाडायची.

झाड पडून कुणाच्या अंगावर जाऊ नये म्हणून कापायचं ठरलं. मॅडम बघायला आल्या तेव्हा काकांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात, संध्याकाळी येते. तेव्हाच आला असतात तर?"

मॅडम घुटमळल्या. "आता काय सांगणार काका. झाडाचं काही सांगता येत नाही."

काकू मशीनवर होती. मान वर न करता म्हणाली, "खरं सांगा हो त्यांना. नाहीतर ते स्वतःच काहीतरी ठरवून बसतील, आणि ते ह्याहून वाईट असेल."

मॅडमनी काकांकडे बघितलं. "वाचलं असतं," त्या म्हणाल्या. "बहुतेक वाचलं असतं."

काकांनी मान हलवली. दोन-तीनदा. जसं गिऱ्हाइकानं काम परत करायला सांगितल्यावर हलवायचे तशी.

झाड गेलं आणि अंगणात फटफटीत ऊन आलं. काकांनी निळी ताडपत्री बांधली. काकू दोन तास बसली आणि म्हणाली, "ह्याच्या खाली मला पांढरं पांढरं दिसत नाही, दोरे कसे जुळवू?" पांढरी चादर बांधली, तर तिच्यातून उजेड असा झळकायचा की तिच्या डोळ्यांतून पाणी. पत्र्याचं छप्पर टाकलं, ते तापलं. ज्या उजेडाबद्दल ती म्हणायची विकत मिळत नाही, तो खरंच मिळाला नाही. मॅडमनी एक रोप आणून दिलं. काकांनी खड्डा खणला, खत घातलं, पण रोपाला हात लावायला तयार होईनात. काकूनंच लावलं. काका लांबून पाणी सोडायचे.

मग काकू मशीन भिंतीच्या सावलीबरोबर सरकवत काम करायला लागली. सकाळी ह्या कडेला, दुपार उतरली की त्या कडेला. भर दुपारी मात्र भिंतीची सावली सुईपर्यंत पोचत नाही. काम तर थांबत नाही, शाळा उघडायची वेळ, शर्टांचा ढीग. तेव्हा काका, कामावर नसले की, येऊन तिच्या बाजूला उभे राहायचे. ऊन आणि मशीन यांच्या मधे. पहिल्या दिवशी काकूला वाटलं काहीतरी हवंय म्हणून आले. विचारलं, तर म्हणाले, नाही, असंच.

"अहो, बसा की आत. डोकं तापेल."

"तापू दे."

"माणसाच्या सावलीत कुणी शिवतं का?"

"तू शिव."

काका उभेच. घाम मानेवरून ओघळत होता, आणि त्यांनी तो पुसलासुद्धा नाही, कारण हात हलला असता तर सावली हलली असती. मग तिनं पाय मशीनवर ठेवला, कापड सुईखाली सरकवलं, आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "जरा डावीकडे सरका. सुईवर ऊन येतंय."

काका सरकले.